सेमाफोर: 'किती' लक्षात राहतं, 'कोण' नाही (साठ वर्षं जुन्या हत्याराचा रिव्ह्यू)

रिव्ह्यू लोक नव्या गोष्टींचे लिहितात, मी साठ वर्षं जुन्या गोष्टीचा लिहितोय. सेमाफोर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रॅमनी एकमेकांच्या पायात येऊ नये म्हणून मधे ठेवलेला एक आकडा. त्यावर दोनच क्रिया, पी म्हणजे एक कमी कर, शिल्लक नसेल तर थांब, आणि व्ही म्हणजे एक वाढव. परीक्षेपुरता पाठ केला, पी आणि व्ही लिहून आलो आणि विसरलो, असं बऱ्याच जणांचं झालेलं असतं. मी मात्र गेली चौदा वर्षं सी मधे सर्व्हरच्या पोटातला कोड लिहितोय आणि सेमाफोर लागला नाही असा एकही प्रोजेक्ट आठवत नाही, कधी सिस्टिम फाइव्ह ह्या युनिक्सच्या आवृत्तीतला, कधी पॉझिक्स ह्या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकातला, कधी छोट्या बोर्डावरच्या आरटीओएसमधला (रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम). मधे कामातून जरा उसंत मिळाली तेव्हा ज्यांनी सेमाफोर शोधला त्या डाइक्स्ट्रांचे जुने कागद बसून वाचले आणि लक्षात आलं की जे हत्यार आपण रोज हातात घेतो ते मुळात कशासाठी घडवलं होतं हेच आपल्याला नीट माहीत नव्हतं. म्हणून हा रिव्ह्यू वापराचा पण आहे आणि इतिहासाचा पण, कारण ह्या वस्तूचे गुण-दोष इतिहास बाजूला ठेवून सांगताच येत नाहीत.

आधीच सांगून टाकतो, पाचपैकी चार स्टार. सेमाफोरला "किती" हे पक्कं लक्षात राहतं आणि "कोण" हे अजिबात राहत नाही. चार स्टार पहिल्या गोष्टीचे, एक कापला तो दुसरीसाठी. बाकी सगळं ह्याचंच स्पष्टीकरण आहे.

सुरुवात ॲमस्टरडॅमला होते. १९५० च्या दशकात तिथल्या मॅथेमॅटिकल सेंटरमधे ब्राम लोपस्ट्रा आणि कारेल स्खोल्टन मशीन घडवायचे आणि एड्सखर डाइक्स्ट्रा त्या मशीनसाठी प्रोग्रॅम लिहायचे. एक्स-वन नावाच्या मशीनच्या वेळी लोपस्ट्रा आणि स्खोल्टननी इंटरप्टची कल्पना मांडली. तोपर्यंत प्रोग्रॅम टेप रीडरला किंवा टाइपरायटरला काम सांगायचा आणि ते होईपर्यंत खोळंबून बसायचा, नाहीतर अधूनमधून झालं का झालं का विचारत राहायचा. इंटरप्ट आला की उलटं होणार, प्रोग्रॅम आपलं काम करत राहणार आणि यंत्र मधेच टपली मारून सांगणार की माझं झालं. डाइक्स्ट्रांनी म्हातारपणी लिहून ठेवलंय की हे ऐकून ते चक्क घाबरले, परत घडवून दाखवता येणार नाहीत असे बग त्यांच्या डोळ्यासमोर नाचायला लागले, आणि मग त्या दोघांनी त्यांची तारीफ करून करून त्यांना तयार केलं. मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. ज्यानं एखादा बग रात्रभर शोधलाय आणि तो प्रिंटची एक ओळ टाकली की गायब होतो, ओळ काढली की परत येतो, त्याला कळेल की ती भीती किती बरोबर होती. पुढे १९५९ मधली त्यांची पीएचडी ह्याच कामावर झाली, एक्स-वनचं इनपुट-आउटपुट आणि त्याचे इंटरप्ट.

१९६२ मधे ते आइंडहोव्हनच्या टेक्निकल कॉलेजात गेले आणि तिथे पुढे एक्स-एट हे मशीन आलं. त्याचे आकडे इथे देतोच, कारण सेमाफोरची गरज ह्या आकड्यांमधूनच दिसते. मेमरी ३२ के शब्दांची, शब्द २७ बिटांचा, म्हणजे आजच्या हिशेबानं सगळी मिळून साधारण १०८ केबी. मेमरीची एक फेरी, म्हणजे एकदा वाचणं किंवा लिहिणं, २.५ मायक्रोसेकंदांची. जोडीला डेटा साठवायचा ५१२ के शब्दांचा फिरणारा ड्रम, एक चक्कर ४० मिलिसेकंदात. तीन कागदी टेप रीडर, प्रत्येक सेकंदाला १००० अक्षरं वाचणारा, तीन टेप पंच सेकंदाला १५० अक्षरांचे, दोन टेलिप्रिंटर, एक प्लॉटर, एक लाइन प्रिंटर. आता भागाकार करून बघा, टेपवरचं एक अक्षर यायच्या आत मेमरीच्या ४०० फेऱ्या होतात, पंचवर एक अक्षर पडेपर्यंत अडीच हजारांहून जास्त. ड्रमच्या एका चक्करीत १६,०००. एवढा वेळ प्रोसेसरला नुसता बसवून ठेवणं परवडणारंच नव्हतं, म्हणून एका वेळी अनेक कामं चालू ठेवायची, एक अडकलं की दुसरं पुढे न्यायचं. आणि हे करायला गेलं की प्रश्न उभा राहतो, ही कामं एकमेकांच्या पायात न येता चालवायची कशी.

ह्याचं एक उत्तर आधीच सापडलेलं होतं. टी. जे. डेकर नावाच्या डच गणितज्ञानं दोन प्रोसेससाठी (प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम) फक्त साध्या व्हेरिएबलच्या वाचण्या-लिहिण्यातून म्युच्युअल एक्स्क्लूजन, म्हणजे एका वेळी आत एकच, करून दाखवलं होतं, आणि डाइक्स्ट्रांनी १९६५ मधे ते कितीही प्रोसेससाठी वाढवून एक छोटासा पेपर छापला. हुशारीचं काम आहे, पण ते अल्गोरिदम वाचताना डोकं गरगरतं (मी तीनदा कागदावर मांडून बघितलं तेव्हा कुठे पटलं) आणि शिवाय त्यात वाट बघणारी प्रोसेस लूपमधे फिरत राहते, म्हणजे प्रोसेसर वाचवायला निघालो आणि तोच वाट बघण्यात जाळला.

मग आला सेमाफोर. नाव रेल्वेतून घेतलंय, डच भाषेत साइनपाल म्हणजे रुळाशेजारचा हाताचा सिग्नल. एकेरी रुळाचा तुकडा आहे, एक गाडी आत शिरली की हात आडवा, ती बाहेर पडली की हात मोकळा. पी आणि व्ही ही अक्षरं तिथलीच, सुरुवातीच्या डच टिपणांमधे पी म्हणजे पासेरिंग, सिग्नल ओलांडणं, आणि व्ही म्हणजे फ्राइगाव्ह, रूळ मोकळा करणं. नंतर अर्थ बदलून सांगितले गेले, व्ही म्हणजे व्हेरहोग, वाढव, आणि पी साठी तर त्यांनी नवा शब्दच पाडला, प्रोलाग, "कमी करायचा प्रयत्न कर" ह्या अर्थाच्या डच शब्दांची तोडमोड करून. कारण वाढव आणि कमी कर ह्या दोन्ही शब्दांचं डच भाषेतलं पहिलं अक्षर एकच निघतं. हा बदल मला नुसता नावाचा वाटत नाही. सिग्नलचा हात दोनच गोष्टी सांगतो, मोकळं किंवा बंद. "वाढव, कमी कर" म्हटलं की मधे आकडा आला. आणि खरी कमाल त्या आकड्यात आहे.

ती कशी ते जरा जवळून दाखवतो कारण बऱ्याच ठिकाणी सेमाफोर म्हणजे कुलूप एवढंच शिकवतात आणि मुख्य गोष्ट राहून जाते.

समजा तुमच्याकडे फक्त "झोप" आणि "उठव" एवढ्या दोनच सोयी आहेत. घेणारी प्रोसेस बघते, डब्यात काही आहे का? शून्य आहे. म्हणजे झोपायला हवं. ती झोपायच्या बेतात आहे, अजून झोपली नाहीये, तेवढ्यात इंटरप्ट येतो आणि प्रोसेसर देणाऱ्या प्रोसेसकडे जातो. ती डब्यात माल टाकते आणि "उठव" म्हणते. कोणाला उठवणार? कोणी झोपलेलंच नाहीये, हाक हवेत विरून गेली. आता परत घेणाऱ्या प्रोसेसची पाळी, तिच्या डोक्यात अजून "शून्य" तेच जुनं उत्तर आहे, ती शांतपणे झोपते, आणि जागं करणारी हाक आधीच देऊन झालेली असल्यामुळे ती आता कायमची झोपली. मधली खिडकी दोन-चार इन्स्ट्रक्शनची असते म्हणून टेस्टिंगमधे दहा हजार वेळा नीट चालतं आणि मग एक दिवस लटकतं.

सेमाफोरमधे हाक वाया जात नाही. व्ही केला की आकडा एकनं वाढतो, कोणी वाट बघत असो नसो. घेणारी प्रोसेस नंतर सावकाश पी करायला आली तरी तिला आकडा १ दिसतो, ती तो कमी करते आणि न झोपता पुढे जाते. हाक आधी आली का झोप आधी आली ह्यानं काही फरक पडत नाही. मला विचाराल तर अख्ख्या शोधाचं मर्म हेच आहे, "कधी" ह्या प्रश्नाच्या जागी "किती" हा प्रश्न आणून ठेवला. मल्टिक्स ह्या त्याच काळातल्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनाही हरवलेल्या हाकेचा हाच त्रास झाला होता, जेरोम साल्ट्झर यांच्या १९६६ च्या थिसिसमधे त्यासाठी प्रत्येक प्रोसेसला एक वेगळी खूण ठेवलेली आहे, "तुला हाक येऊन गेलीये" सांगणारी. ते पण चालतं. पण ती एक बिटाची आठवण आहे, सात हाका आल्या तरी एकच लक्षात राहते.

आइंडहोव्हनच्या आवृत्तीत आकडा शून्याच्या खाली पण जायचा. पी केला की आधी एक वजा करायचा, उत्तर ऋण आलं तर त्या प्रोसेसला थांबवून रांगेत नोंदवायचं. म्हणजे आकडा +३ असेल तर तीन हाका शिल्लक, -३ असेल तर तीन जण रांगेत, एकाच आकड्यात दोन्ही बाजूंचा हिशेब. आजच्या लिनक्सवर पॉझिक्स सेमाफोरची किंमत विचारली तर वाट बघणारे कितीही असले तरी शून्यच मिळतो. मला जुनं डिझाइन जास्त आवडतं, डीबग करताना रांगेत किती उभे आहेत हे समजलं तर निम्मं काम होतं.

आता ज्या सिस्टिममधे हे सगळं पहिल्यांदा कामाला लागलं तिच्याबद्दल. टीएचई मल्टिप्रोग्रॅमिंग सिस्टिम, नाव कॉलेजच्या आद्याक्षरांचंच. ऑक्टोबर १९६७ मधे अमेरिकेत टेनेसीतल्या गॅटलिनबर्गला ऑपरेटिंग सिस्टिमवरची पहिली मोठी परिषद झाली तिथे डाइक्स्ट्रांनी ती मांडली आणि मे १९६८ मधे पेपर छापून आला. टीम सहा जणांची, ती पण अर्धवेळ. सिस्टिम थरांची, सगळ्यात खाली प्रोसेसरची वाटणी, त्यावर ड्रम आणि मेमरी सांभाळणारा थर, मग ऑपरेटरच्या कन्सोलशी बोलणारा, मग इनपुट-आउटपुटचे बफर (माल तात्पुरता ठेवायच्या जागा), त्यावर लोकांचे प्रोग्रॅम.

थरांचं कौतुक सगळे करतात, मला त्याखालची एक गोष्ट जास्त भावते. ड्रमचा इंटरप्ट आला की वरच्या दृष्टीनं तो फक्त एक व्ही असतो. ड्रम सांभाळणारी प्रोसेस आपली सरळ ओळीनं लिहिलेली असते, ड्रमला काम सांग, पी कर, काम झालंय असं धरून पुढे जा. ज्या इंटरप्टची दहा वर्षांपूर्वी धास्ती घेतली होती तो सगळ्यात खालच्या थरात गाडला गेला आणि वर उरला एक आकडा. त्या पेपरमधे लिहिलंय की टेस्टिंगमधे फक्त किरकोळ कोडिंगच्या चुका निघाल्या, साधारण ५०० इन्स्ट्रक्शनला एक, आणि प्रत्येक चूक मशीनवर दहा मिनिटांत सापडली. हे वाचून मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो होतो. वेळेवर अवलंबून असणारे बग कोडमधून हुसकून लावले की जे उरतात ते दहा मिनिटांचेच असतात, हे अगदी खरं आहे.

त्याच पेपरच्या शेवटच्या भागात सेमाफोरचे दोन उपयोग स्पष्ट वेगळे केलेत आणि हे वेगळेपण पुढे लोक विसरले म्हणून माझा एक स्टार गेला. पहिला उपयोग म्यूटेक्स, सुरुवातीची किंमत १, सगळे जण तोच वापरतात, पी करून आत जायचं आणि व्ही करून बाहेर पडायचं. दुसरा खाजगी सेमाफोर, प्रत्येक प्रोसेसचा स्वतःचा, सुरुवातीची किंमत ०, त्यावर पी फक्त मालकीण प्रोसेस करणार, व्ही दुसरं कोणीतरी. पहिल्यात जो पी करतो तोच व्ही करतो. दुसऱ्यात पी एकाचा आणि व्ही दुसऱ्याचा. वस्तू एकच पण स्वभाव पूर्ण उलटे.

दोन्ही एकत्र कुठे दिसतात तर ठरावीक आकाराच्या बफरमधे, आणि सेमाफोर घेऊन बघायचा असेल तर ह्यावरच बघा. तीन सेमाफोर. "रिकाम्या" ची सुरुवात बफरमधे जितक्या जागा तितक्या, "भरलेल्या" ची शून्य, "म्यूटेक्स" ची एक. देणारा म्हणतो पी(रिकाम्या), पी(म्यूटेक्स), माल ठेव, व्ही(म्यूटेक्स), व्ही(भरलेल्या). घेणारा म्हणतो पी(भरलेल्या), पी(म्यूटेक्स), माल उचल, व्ही(म्यूटेक्स), व्ही(रिकाम्या). बस. एकही "जर-तर" नाही, बफर भरला का रिकामा हे कोणी विचारतच नाही, सगळं तीन आकड्यांत बसलंय. इतकं नीटनेटकं दुसरं काही मला ह्या क्षेत्रात दिसलेलं नाही.

पण देणाऱ्याच्या पहिल्या दोन ओळींची अदलाबदल करा. आधी पी(म्यूटेक्स), मग पी(रिकाम्या). दिसायला काय फरक? बफर भरलेला असेल तर देणारा म्यूटेक्स हातात धरून रिकाम्या जागेची वाट बघत झोपतो, जागा रिकामी करणारा घेणारा म्यूटेक्ससाठी बाहेर उभा, दोघं एकमेकांची वाट बघत कायमचे. मी एका जुन्या नोकरीत हाच बग बघितलाय, लॉग गोळा करणाऱ्या प्रोग्रॅममधे. सहा महिने प्रॉडक्शनमधे बिनतक्रार चालला, कारण बफर कधी पूर्ण भरलाच नव्हता, मग एका रात्री डिस्क हळू झाली, बफर पहिल्यांदा काठोकाठ भरला आणि सगळे सर्व्हर एकापाठोपाठ एक गप्प. सकाळी स्टॅक बघितले तर एक जण "रिकाम्या" वर आणि बाकी सगळे "म्यूटेक्स" वर. दोन ओळी वर-खाली केल्या, फिक्स संपला. व्ही च्या दोन ओळी उलट्या लिहिल्या तर मात्र काही लटकत नाही, फार तर एक जास्तीची झोप-उठ होते. पी चा क्रम जिवावर बेततो, व्ही चा नाही, हे एकदा डोक्यात बसलं की कोड वाचताना नजर आपोआप पी वर जाते.

हा दोष सेमाफोरचा म्हणायचा का वापरणाऱ्याचा? दोघांचा. कंपायलरला काही कळत नाही, पी आणि व्ही नुसत्या विखुरलेल्या ओळी असतात, कोणता सेमाफोर कोणता डेटा राखतो हे फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात. पेर ब्रिंच हान्सन आणि टोनी होअर ह्यांना हेच खटकलं आणि १९७३-७४ मधे त्यांनी मॉनिटर आणला, डेटा आणि त्याला हात लावणारी फंक्शनं एका कुलुपात. ते आज जास्त वापरलं जातं आणि बरोबरच आहे. आधी १९६९ मधे डेन्मार्कच्या आरसी ४००० ह्या मशीनवर ब्रिंच हान्सननी मेसेज पाठवायची पद्धत वापरून सगळी सिस्टिम उभी केली होती, त्याच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

सेमाफोरच्या मर्यादेवर पहिला जोरदार हल्ला कोणी केला माहितीये? सुहास पाटील. एमआयटीतल्या १९७१ च्या मेमोवर ते आडनाव बघून मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. पुढे सिरस लॉजिक ही चिप कंपनी काढणारे तेच हे. त्यांचं उदाहरण सिगारेटचं आहे, तीन जण, एकाकडे तंबाखू, एकाकडे कागद, एकाकडे काड्या, आणि चौथा माणूस तिन्हींपैकी कुठल्यातरी दोन गोष्टी टेबलावर ठेवतो, ज्याच्याकडे तिसरी आहे त्यानंच उठायचं. सरळ पी वापरला तर तंबाखूची वाट बघणारा तंबाखू उचलून बसतो आणि कागद दुसराच उचलतो, झाला डेडलॉक, सगळे अडकले. पाटलांचं म्हणणं, त्यांनी घातलेल्या अटींमधे साध्या सेमाफोरनं हे सुटत नाही, एका दमात अनेक सेमाफोरवर पी करायची सोय पाहिजे. १९७५ मधे डेव्हिड पार्नास ह्यांनी उत्तर दिलं की सेमाफोरचा ॲरे (क्रमांक दिलेली रांग) वापरायचा नाही ही अट काढली तर सुटतं. वादात पार्नास बरोबर ठरले असं पुस्तकात वाचायला मिळतं, पण मला पाटलांची मागणी व्यवहारात पटते, कारण सिस्टिम फाइव्हच्या सेम-ऑपमधे नेमकी तीच सोय आहे, सेटमधल्या अनेक सेमाफोरवर एकत्र ऑपरेशन, झाली तर सगळी नाहीतर एकही नाही, आणि दोन रिसोर्स एकदम लागतात तिथे ती मी आनंदानं वापरलीये.

मधल्या काळात सेमाफोर सगळीकडे शिरला होता. अल्गोल ६८ मधे तर भाषेतच सेमा नावाचा टाइप आणि अप-डाउन हे ऑपरेटर होते, बार्बरा लिस्कोव्ह ह्यांच्या १९७२ च्या व्हीनस सिस्टिममधे सेमाफोर मायक्रोकोडमधे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या कोडमधे, बसवलेले होते. युनिक्सच्या सामान्य प्रोग्रॅमरला मात्र तो सुरुवातीला नव्हताच, कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) आत स्लीप आणि वेकअपवर, म्हणजे "झोप" आणि "उठव" वर, काम चालायचं. बेल लॅब्जच्या कोलंबस शाखेतल्या युनिक्समधून तो १९८३ च्या सिस्टिम फाइव्हमधे आला.

आणि सिस्टिम फाइव्हच्या पॅकिंगबद्दल माझी तक्रार आहे, मनापासून. एक सेमाफोर हवा असला तरी अख्खा सेट घ्यायचा, त्याला ओळखीसाठी एक "की" (नंबर) द्यायची, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सेमाफोर बनवणं एका कॉलमधे आणि त्याला सुरुवातीची किंमत देणं दुसऱ्या कॉलमधे. मधल्या फटीत दुसरी प्रोसेस आली तर? म्हणजे रेस (कोण आधी पोचतो ह्यावर निकाल ठरणं) टाळायचं हत्यार हातात घेतानाच रेस. ज्या वस्तूची सगळी ताकद एका आकड्यात आहे तिचा पहिला आकडाच फटीत सोडून द्यायचा हे मला आजही पटत नाही. १९९३ च्या पॉझिक्समधे हे दुरुस्त झालं, सेम-इनिट किंवा सेम-ओपनलाच किंमत द्यायची, पी ला वेट आणि व्ही ला पोस्ट, एवढंच. नवीन काम असेल तर डोळे झाकून हाच घ्या.

आता "कोण" ची गोष्ट. एका ठिकाणी आमचे पाच-सहा प्रोसेस शेअर्ड मेमरीतल्या एका टेबलावर काम करायचे आणि टेबलाला कुलूप म्हणून १ किमतीचा सिस्टिम फाइव्ह सेमाफोर लावला होता. एक प्रोसेस पी करून आत गेली आणि क्रॅश झाली. आकडा शून्यावर अडकला. बाकीचे सगळे रांगेत. सेमाफोरला विचारून काय सांगणार, त्याला एवढंच माहीत की किल्ली शिल्लक नाही, नेली कोणी आणि तो जिवंत आहे का हे मूळ कल्पनेतच नाही. प्रोसेस रीस्टार्ट केल्या तरी तेच, कारण सेमाफोर कर्नलमधे राहतो, प्रोसेससोबत मरत नाही. आयपीसीएस ही कमांड मारून बघितला, आयपीसीआरएम ही कमांड मारून उडवला, मग सुरू झालं. नंतर कोणीतरी सेम-अनडू लावला, म्हणजे प्रोसेस मेली की कर्नल तिचा पी उलटा फिरवतो. दोन आठवड्यांनी परत क्रॅश, ह्या वेळी कुलूप उघडलं, आणि पुढची प्रोसेस अर्धवट लिहिलेल्या टेबलात घुसली. ते जास्त महागात पडलं. आकडा पूर्वपदावर आला, डेटा नाही.

म्हणून कुलूप म्हणून सेमाफोर वापरणं मी बंद केलंय. मालक लक्षात ठेवणारा म्यूटेक्स वेगळा मिळतो, मेलेल्या मालकाची सूचना देणारा रोबस्ट म्यूटेक्स पॉझिक्समधेच आहे. लिनक्स कर्नलनं पण हेच केलं, वर्षानुवर्षं कुलूप म्हणून सेमाफोर चालला आणि २००६ मधे २.६.१६ पासून वेगळा म्यूटेक्स आला. मंगळावर ४ जुलै १९९७ ला उतरलेल्या पाथफाइंडरचं उदाहरण पण ह्याच मुद्द्याचं आहे, हवामानाचं कमी प्रायॉरिटीचं टास्क म्यूटेक्स धरून बसलं, मधल्या प्रायॉरिटीची टास्क त्याला चालू देईनात, वरचं महत्त्वाचं टास्क खोळंबलं आणि वॉचडॉगनं (सिस्टिम अडकली की रीसेट करणाऱ्या पहारेकऱ्यानं) मशीन परत परत रीसेट केलं. उपाय होता प्रायॉरिटी इनहेरिटन्स, म्हणजे वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी धरणाऱ्याला उसनी देणं. पण उसनी देणार कोणाला, हे कळायला "कोण" लक्षात पाहिजे. त्या म्यूटेक्समधे ती सोय होती पण बंद होती, पृथ्वीवरून चालू केली. साध्या मोजणाऱ्या सेमाफोरमधे ती चालू करायला जागाच नाही.

मग चार स्टार कशाचे? मोजायचं आणि कळवायचं काम असेल तर आजही ह्याच्यासारखं काही नाही. डेटाबेसची सोळा कनेक्शन आहेत, सेमाफोर १६ वर सुरू करा, संपला विषय. एका थ्रेडनं (एकाच प्रोग्रॅममधे समांतर चालणाऱ्या कामानं) दुसऱ्याला "झालं" कळवायचंय, शून्यावर सुरू करा, हाक हरवणार नाही. आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट, पॉझिक्समधे सिग्नल हँडलरच्या आतून सेम-पोस्ट करायला परवानगी आहे (सिग्नल म्हणजे इथे प्रोसेसला मधेच मिळणारी सूचना, हँडलर म्हणजे ती आल्यावर चालणारं फंक्शन). तिथून म्यूटेक्सला हात लावायचा नसतो, मेमरी मागायची नसते, प्रिंट पण नको, पण सेम-पोस्ट चालतं. ड्रमच्या इंटरप्टमधून व्ही, तेच हे, साठ वर्षांनी तसंच.

घेणाऱ्यांसाठी एक सांगायचं राहिलं. हँडलरमधून पोस्ट करणार असाल तर लक्षात ठेवा की तोच सिग्नल सेम-वेटमधे झोपलेल्या थ्रेडला अर्धवट उठवू शकतो, कॉल उणे एक घेऊन परत येतो आणि एररमधे इंटरप्ट झाल्याचं लिहिलेलं असतं. आकडा तेव्हा कमी झालेला नसतो. लूप लावा आणि परत वेट करा, परतीची किंमत न तपासता पुढे गेलात तर एक हाक जास्तीची मोजली जाईल आणि बफरमधून जे नाहीये ते उचलायला जाल.